अनिकेत जाधवची पहिली पाच वर्षे



आंतरशालेय फुटबॉल स्पर्धांचे दिवस आले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोराला बॉलचं लई वेड आहे. यात पुढं काही होतंय का?" विचारणारे कधी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला असतात, कधी बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत. प्रश्नामागची काळजी खरी असते. मुलगा चांगला खेळतो हे त्यांना दिसत असते. चांगले खेळणे आणि खेळावर पोट भरणे यांच्यामध्ये नेमके काय असते, ते मात्र कोणी सांगत नाही. त्यासाठी या अंकात एका व्यावसायिक फुटबॉलपटूची सुरुवातीची वर्षे नीट तपासून पाहण्याचे आम्ही ठरविले आहे.

मेस्सी किंवा रोनाल्डो यांची गोष्ट आम्ही मुद्दामच घेतलेली नाही. त्यांचे पोस्टर भिंतीला लावता येते, पण त्यांच्या वाटेने आपल्या मुलाला चालता येत नाही. आम्ही निवडला आहे अनिकेत जाधव. हा कोल्हापूरचा. निपाणीच्या स्टँडवरून एसटीत बसले की कागल ओलांडून तासाभरात जिथे पोहोचतो, त्या गावचा. जन्म १३ जुलै २०००. ही जन्मतारीख लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

आधी कोल्हापूरविषयी थोडेसे. आपल्यापैकी पुष्कळांनी राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना पाहिला असेल. तिथे फुटबॉल वाढला तो तालमींच्या आश्रयाने. ज्या पेठांनी लाल मातीत पैलवान घडविले, त्याच पेठांच्या तालीम मंडळांनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथल्या लहान पोरालाही पाठ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगला जी गर्दी लोटते, ती पाहून मोठ्या शहरांतल्या क्लबांनाही हेवा वाटावा. पेठेचा अभिमान कधी कधी हाणामारीपर्यंत जातो, त्याचे कौतुक आम्ही करणार नाही. पण सामना म्हणजे काय, हजारो लोकांसमोर पायात चेंडू आल्यावर काय होते, याची सवय कोल्हापूरच्या मुलाला घरबसल्या होते. आपल्या बेळगावात लेले मैदानावर चांगले सामने होतात, पण ती गर्दी आपल्याकडे नाही.

तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एवढी गर्दी असूनही पेठेतला उत्तम खेळाडू बहुधा पेठेतच राहत आला. दिवसा नोकरी किंवा दुकान, संध्याकाळी सराव, मोसमात मानपान, आणि तिशीनंतर प्रेक्षकांत जागा. हे आयुष्य वाईट नव्हे. पण त्याला व्यावसायिक खेळाडूचे आयुष्य म्हणत नाहीत. अनिकेतची वाट वेगळी झाली, कारण तो या गर्दीतून लहानपणीच बाहेर पडला.

घरची परिस्थिती बेताची होती. वडील रिक्षा चालवीत. अशा घराला महागडी खासगी अकादमी परवडणे शक्यच नव्हते. उपयोगी पडली ती सरकारी व्यवस्था. महाराष्ट्र शासनाची क्रीडा प्रबोधिनी नावाची निवासी योजना आहे. तिचे एक मोठे केंद्र पुण्यात बालेवाडीला, म्हणजे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात आहे. राहणे, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण यांची सोय तिथे एकत्र होते आणि खर्च शासन करते. अनिकेत तिथे दाखल झाला.

या योजनेच्या निवड पद्धतीविषयी पालकांना फारशी माहिती नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लहान मुलांची पहिली निवड करताना त्याला फुटबॉल किती येतो हे पाहत नाहीत. उंची, वजन, थोड्या अंतराची वेगवान धाव, जागेवरून उडी, जड चेंडू फेकणे, शटल रन, अंगाची लवचिकता, ८०० मीटर धावणे, अशा चाचण्या घेतात. हेतू असा की शरीराची जातच चपळ असेल तर खेळ शिकविता येतो. कोणत्या मुलाने किती गोल केले याची यादी घेऊन गेलेला पालक तिथे गोंधळतो. आमच्या मते ही पद्धत बरोबर आहे. शाळेत अकराव्या-बाराव्या वर्षी गोलांचा पाऊस पाडणारा मुलगा पुष्कळदा केवळ इतरांपेक्षा आधी वाढलेला असतो. दोन वर्षांनी बाकीचे त्याला गाठतात, आणि मग त्याच्याकडे अंगापिंडाखेरीज दुसरे काही नव्हते हे उघड होते.

वसतिगृहाचे दुसरे अंगही पालकांनी समजून घ्यावे. मूल लहान वयात घर सोडते. सणावाराला घरी येते, तेही जमले तर. आजारी पडले तर कपाळावर हात ठेवायला आई नसते. अनिकेतच्या यशाच्या बातम्यांत रिक्षाचा उल्लेख हटकून येतो. रिक्षाने वाचकाचे मन हेलावते, आणि वसतिगृहातली वर्षे तशीच नजरेआड राहतात. आम्हाला विचाराल तर त्या घराने दिलेली खरी किंमत ती वर्षे होत.

आता ती जन्मतारीख. फिफाची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा २०१७ मध्ये भारतात भरली. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला. फिफाच्या कोणत्याही वयोगटाच्या पुरुष विश्वचषकात भारत खेळण्याची ती पहिलीच वेळ. त्या स्पर्धेसाठी अट होती, १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा जन्म. ३१ डिसेंबर १९९९ ला जन्मलेला मुलगा, तो कितीही चांगला असो, बाद. जुलै २००० चा अनिकेत मात्र नेमका बसला. यात कोणाचे कर्तृत्व नाही. खेळाडूच्या सुरुवातीच्या काळात नशिबाचा भाग असतो तो असा.

इथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. जन्मतारखेला एवढे महत्त्व आहे म्हणूनच ती बदलण्याचा मोह होतो. मुलाचे वय दोन वर्षांनी कमी लावले की शालेय स्पर्धेत तो चमकतो, हे काही पालकांना कोणीतरी कानात सांगते. पण आता मनगटाच्या हाडांवरून वय तपासतात. १७ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धांत २००९ पासून मनगटाचे एमआरआय काढले जाते, आणि आपल्या देशातही हाडांची चाचणी वापरात आहे. शाळेच्या दाखल्यावर खोटी तारीख घातलेला मुलगा नेमका मोठ्या निवडीच्या दारात पकडला जातो. तोवर त्याची घडणीची वर्षे लबाडीने मिळविलेल्या सोप्या सामन्यांत वाया गेलेली असतात.

विश्वचषकासाठीच्या संघाची तयारी दीर्घकाळ चालली. आधी जर्मनीचे निकोलाई अ‍ॅडम आणि २०१७ च्या वसंतापासून पोर्तुगालचे लुईस नॉर्टन दे मातोस हे प्रशिक्षक होते. अंतिम २१ जणांत ईशान्येकडील, विशेषतः मणिपूरची मुले मोठ्या संख्येने होती. मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हाही त्या संघात होता. आपल्या कर्नाटकाचे दोघे होते, बेंगळूरचे संजीव स्टॅलिन आणि हेन्ड्री अँटोने. हे दोघे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांचा संदर्भ लागेल. अनिकेत आघाडीचा खेळाडू.

सामने तीन झाले आणि तिन्ही दिल्लीत. ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-३, ९ ऑक्टोबरला कोलंबियाकडून १-२ आणि १२ ऑक्टोबरला घानाकडून ०-४ अशी हार झाली. कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला स्टॅलिनच्या कॉर्नर किकवर जॅक्सन सिंगने डोक्याने गोल केला, तो फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल करून सामना हिरावला. मुले खूप लढली, देशभर त्यांचे कौतुक झाले, कोल्हापुरात तर अनिकेत घराघरात पोहोचला.

पण विद्यार्थी मित्रहो, १२ ऑक्टोबरच्या रात्री त्या २१ मुलांपुढे खरा प्रश्न उभा राहिला. स्पर्धा संपली. आता उद्या कुठे खेळायचे? १७ वर्षांखालचा संघ पुन्हा भरणार नव्हता. मोठ्या क्लबांमध्ये तिशीतले अनुभवी आणि परदेशी खेळाडू होते, तिथे यांना बाकावर बसावे लागले असते. नाव झालेला मुलगा दोन वर्षे बाकावर बसला की काय होते? पाय गंजतात. जगभर कितीतरी गाजलेली मुले याच टप्प्यावर हरवली आहेत.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या प्रश्नावर एक उत्तर काढले, ते आम्हाला या सगळ्या कथेतले सर्वांत महत्त्वाचे पान वाटते. इंडियन अ‍ॅरोज नावाचा संघ. ही कल्पना २०१० मध्ये आधी एकदा राबवून बंद पडली होती, ती २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली. विश्वचषकातली बहुतेक मुले आणि थोडी मोठी मुले घेऊन एक संघ केला आणि तो थेट आय-लीगमध्ये, म्हणजे मोठ्या माणसांच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरविला. परदेशी खेळाडू एकही नाही. आणि संघ तळाला राहिला तरी त्याला खालच्या गटात ढकलायचे नाही, असा नियम.

२९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात बांबोळीला अ‍ॅरोजचा पहिला सामना झाला, समोर चेन्नई सिटी. अ‍ॅरोजने ३-० असा जिंकला. त्यातले दोन गोल अनिकेतचे. वय १७ वर्षे ४ महिने. विश्वचषकात जे जमले नव्हते ते पुरुषांच्या लीगमध्ये पहिल्याच दिवशी जमले. बातम्या आल्या, फोटो आले.

आता पुढचे बघा, कारण ते फोटोत नसते. त्या मोसमात अ‍ॅरोजचे १८ सामने झाले आणि दहा संघांत अ‍ॅरोज शेवटचा, दहावा आला. गुण १५. म्हणजे पहिल्या दिवसानंतर मुलांनी भरपूर मार खाल्ला. समोरचा बचावपटू दहा वर्षांनी मोठा, खांद्याने असा धक्का देणारा की पोर दोन हात लांब पडावे. पंच शिट्टी वाजवीत नाही. चेंडूवर विचार करायला जो वेळ १७ वर्षांखालच्या सामन्यात मिळायचा तो अर्धाही नाही. हे धडे सरावात शिकविता येत नाहीत. गुणतक्ता पाहिला तर हा मोसम अपयश. आमच्या हिशेबी तोच त्यांचा सर्वांत कमाईचा मोसम. त्या संघातले जॅक्सन सिंग, सुरेश वांगजम, लालेंगमाविया, अन्वर अली हे पुढे भारताच्या वरिष्ठ संघात पोहोचले, आणि त्यांच्या पायांत ताकद आली ती या तळाच्या संघात. पालकांनी प्रशिक्षकाला "आमचा मुलगा जिंकला का" असे विचारण्याऐवजी "किती मिनिटे खेळला" असे विचारायला शिकावे. २०२२ मध्ये महासंघाने अ‍ॅरोज पुन्हा बंद केला. आमच्या मते ते चुकले.

शिकणे नेहमी सरळ रेषेत होत नाही, याचाही दाखला अनिकेतच्याच नावावर आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत भारताच्या २० वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाच्या त्याच गटाच्या संघाला २-१ असे हरविले. दीपक टांगरी आणि अन्वर अली यांचे गोल. अर्जेंटिनाला हरविले म्हणून सगळ्या देशाला आनंद. त्या सामन्यात उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच अनिकेतला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला वेळ भारत दहा जणांनिशी लढला. म्हणजे संघाच्या सर्वांत गोड विजयाचा मोठा भाग या मुलाने बाहेरून पाहिला. अठराव्या वर्षी असे होते. शाळेच्या सामन्यात तुमच्यापैकी कोणाला पिवळे कार्ड मिळाले तर घरी जाऊन पंचांना दोष देण्यापूर्वी हे आठवावे.

२०१९ मध्ये तो इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्स या जुन्या क्लबात तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी गेला. हा क्लब २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे, आपल्याकडे कोंबडीच्या व्यवसायासाठी जे नाव सर्वांना ठाऊक आहे तेच. कोल्हापूरचा रिक्षावाल्याचा मुलगा इंग्लंडला गेला म्हटल्यावर पुष्कळांना वाटले, आता तो तिकडेच खेळणार. तसे होणे शक्य नव्हते, आणि कारण समजून घेण्यासारखे आहे. परदेशी खेळाडूला इंग्लंडमध्ये कामाचा परवाना मिळण्यासाठी त्या वेळी त्याच्या देशाचा संघ फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ५० त असावा लागे. भारत तेव्हा १०० च्या आसपास होता. म्हणजे मुलगा कितीही गुणी असला तरी दार देशाच्या क्रमांकाने बंद. त्यामुळे तो तिथे शिकला, सराव केला, आणि परत आला. परदेशातल्या 'ट्रायल'साठी लाखो रुपये मागणारे दलाल आपल्याही भागात फिरतात. त्यांना हा एक प्रश्न विचारावा, परवान्याचे काय? आणि दुसरे, १८ वर्षांखालील खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जाण्यास फिफाच्या नियमानुसार मोजके अपवाद सोडले तर बंदीच आहे. सोळा वर्षांच्या मुलाला युरोपच्या क्लबात खेळवतो म्हणणारा मनुष्य बहुधा खोटे बोलत असतो.

परत आल्यावर जमशेदपूर एफसी. टाटांचा क्लब, ज्या गावात टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून चालते आहे. इंडियन सुपर लीगमध्ये २९ ऑक्टोबर २०१९ रोजी जमशेदपूरने हैदराबादला ३-१ ने हरविले, त्यात एक गोल अनिकेतचा. दोन मोसम तिथे काढून २०२१ मध्ये तो त्याच हैदराबादकडे गेला.

या काळात त्याची जागा बदलली. तो मुलांच्या संघांत मधला आघाडीवीर होता. मोठ्या क्लबात तो बाजूने, पंखावर खेळू लागला. कारण साधे आहे. क्लब पैसे मोजून परदेशी खेळाडू आणतात ते मुख्यतः गोल करण्यासाठी. हैदराबादकडे नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता, त्याने २०२१-२२ च्या मोसमात एकट्याने १८ गोल केले. त्याला बाजूला सारून विशीतल्या भारतीय मुलाला मध्ये कोण उभे करणार? त्यामुळे आपल्या देशात चांगला मधला आघाडीवीर तयार होत नाही, ही तक्रार सारे करतात, पण दोष मुलांवर टाकतात. आमच्या शाळेतल्या जाणत्या मुलांनी यावरून एवढे घ्यावे की एकाच जागेचा हट्ट धरू नये. डावा पाय चालत नसेल तर तो चालवायला शिकावे. दोन जागा येणाऱ्याला मिनिटे मिळतात.

कोविडमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही मोसम पूर्णपणे गोव्यात झाले. म्हणजे बेळगावकरांच्या दृष्टीने चोर्ला घाट उतरला की पलीकडे देशातली सर्वांत मोठी लीग चालू होती आणि मैदानाची दारे प्रेक्षकांना बंद होती! खेळाडू महिनोन् महिने हॉटेल आणि मैदान एवढ्यातच कोंडलेले. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामना झाला, त्या दिवशी मात्र प्रेक्षकांना प्रवेश दिला होता. हैदराबादने केरळ ब्लास्टर्सशी १-१ बरोबरी करून पेनल्टीवर ३-१ असा चषक जिंकला. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी गोव्याचाच, त्याने त्या दिवशी पेनल्टी अडविल्या. अनिकेत विजेत्या संघाचा खेळाडू होता, आणि त्याच महिन्यात भारताच्या वरिष्ठ संघाच्या बहरीन दौऱ्यासाठी त्याची निवड झाली. वय २१.

विश्वचषकापासून इथवर पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. संघ चार, लाल कार्ड एक, परदेशातला सराव एक, आणि जागा बदलून घ्यावी लागली ती वेगळीच. व्यावसायिक खेळाडूची सुरुवात म्हणतात ती अशी असते.

आता त्या अन्वर अलीविषयी, ज्याचे नाव वर दोनदा आले. तो पंजाबचा, बचावफळीतला. २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष आढळला आणि त्याचे खेळणे थांबविण्यात आले. तेव्हा तो १९ वर्षांचा. तो दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला, पुन्हा तज्ज्ञांचे मत घेतले गेले, आणि अखेर मैदानावर परतून तो वरिष्ठ भारतीय संघात खेळला. सगळ्यांचे असे परतणे होत नाही. आणि धोका फक्त शरीराचा नसतो. जो हैदराबाद क्लब २०२२ मध्ये विजेता होता, त्याच क्लबात २०२३-२४ मध्ये पगार थकले आणि खेळाडू मोसमाच्या मध्यावर सोडून गेले. जुलै २०२५ मध्ये तर लीगच्या हक्कांचा करार नव्याने न झाल्याने पुढचा मोसमच लांबणीवर पडला, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले. त्यांत आपल्या राज्याचा बेंगळूर एफसीही होता. म्हणून दहावीची परीक्षा सोडून निवड चाचणीला जाऊ द्या म्हणणाऱ्या मुलाला आम्ही नाही म्हणतो. आमच्यावर मुले रागावतात, रागावू देत.

आता आपल्या भागाकडे वळू, कारण पालकांचा खरा प्रश्न तिथेच आहे. अनिकेतला जे दार उघडले ते महाराष्ट्र शासनाचे होते. क्रीडा प्रबोधिनीची निवड महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांतून होते, आणि त्या जिल्ह्यांत बेळगाव नाही. कागलचा मुलगा आणि निपाणीचा मुलगा एकाच बोलीत बोलतात, एकाच स्टेडियमवर सामने बघतात, एकाच तालमीच्या नावाने ओरडतात. पण चाचणीचा कागद आला की दोघांची वाट फुटते. एकाला पुणे आहे, दुसऱ्याला बेंगळूर, आणि बेंगळूर निपाणीपासून साडेपाचशे किलोमीटरहून लांब. याचे दुःख आम्हालाही आहे. पण दुःख करीत बसून मुलाचे वय थांबत नाही.

काही घरे यावर मामाच्या किंवा मावशीच्या पत्त्यावर मुलाचे नाव घालण्याचा तोडगा काढतात. मुलगा खरोखरच तिकडे राहून शिकत असेल तर गोष्ट वेगळी. नुसते कागद केले असतील तर ते जन्मतारखेसारखेच पुढे उलटते.

आपली वाट कर्नाटकातून आहे, आणि ती बंद नाही. शिक्षण खात्याच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चालतात. निपाणी २०१८ पासून स्वतंत्र तालुका झाल्याने पहिली पायरी घराजवळ आली आहे. शैक्षणिक जिल्हा चिकोडी, आणि विभागाचे ठिकाण तर बेळगावच. राज्याचा विजेता संघ १९६० पासून चालणाऱ्या दिल्लीच्या सुब्रतो चषकापर्यंत जातो. युवा सबलीकरण व क्रीडा खात्याची क्रीडा वसतिगृहे कर्नाटकातही आहेत आणि त्यांची निवडही शारीरिक चाचण्यांनी होते. भाषेची अडचण सांगून काही पालक मागे हटतात. त्यांना आम्ही स्टॅलिनचे उदाहरण देतो. बेंगळूरचा हा मुलगा घडला चंदीगडच्या अकादमीत, विश्वचषकानंतर अ‍ॅरोजमध्ये खेळला, पुढे पोर्तुगालच्या क्लबात जाऊन आला. त्याला वाटेत किती भाषा भेटल्या असतील! आपल्या मुलांना तर मराठीबरोबर कन्नड आणि हिंदी घरच्या अंगणातच मिळते. मैदानावर हे भांडवल आहे.

मुलींच्या पालकांसाठीही दोन ओळी. सुब्रतो चषकात १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे, आणि इंडियन वुमेन्स लीग २०१६-१७ पासून चालू आहे. पंजाबच्या मनीषा कल्याणने २०२२ मध्ये सायप्रसच्या क्लबाकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळून दाखविले. आपल्याकडे मुलींचा शालेय संघ उभा करताना अकरा जणी जमविणे हीच अजून अडचण आहे. ती आम्ही एकट्याने सोडवू शकत नाही.

शेवटी एक हिशेब, गणिताच्या तासालाही चालेल असा. बाराव्या वर्षापासून मुलगा कोणत्या क्लबात नोंदलेला होता याची नोंद फिफाच्या नियमांनुसार महत्त्वाची असते. त्याला खेळाडूचा पासपोर्ट म्हणतात, प्रवासाचा पासपोर्ट वेगळा. पुढे कधी तो करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात रक्कम घेऊन गेला, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयांत घडविणाऱ्या क्लबांना वाटले जातात. १२ ते १५ या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का आणि १६ ते २३ या आठ वर्षांसाठी दरवर्षी अर्धा टक्का. चार पाव म्हणजे एक, आठ अर्धे म्हणजे चार, मिळून पाच. समजा रक्कम १ कोटी रुपये असेल, तर ज्या गल्लीतल्या नोंदणीकृत क्लबाने त्याला १२ ते १५ या वयात सांभाळले त्या क्लबाला १ लाख रुपये मिळतील. नोंदणीच नसेल तर काही नाही. करारांचेही नियम आहेत. १८ वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही. आठ-दहा वर्षांच्या कागदावर पालकाची सही मागणारा कोणी आला तर सही करण्यापूर्वी तो कागद शाळेत आणून दाखवा. आम्ही वकील नाही, पण दोन माणसांनी मिळून वाचलेला कागद एकट्याने वाचलेल्यापेक्षा बरा.

यंदा तालुका स्पर्धेसाठी नावे देणाऱ्या मुलांनी जन्मदाखल्याची मूळ प्रत, आधार कार्ड, शाळेचे ओळखपत्र आणि डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र क्रीडा शिक्षकांकडे द्यावे. छातीत दुखणे, धावताना चक्कर येणे, घरात कोणाला लहान वयात हृदयविकार, असे काही असेल तर ते लपवू नये, आधी सांगावे. सराव सकाळी सहाला सुरू होईल. बूट नसतील त्यांनी तसे कळवावे, जुने बूट शाळेत काही जोड आहेत.